आबांचं पान

आमच्या गल्लीतल्या फौजी आबांवरून मी समोरच्या बाईवर वर्षानुवर्षं जळले. अजूनही जळते.

आबा लढाईवर जाऊन आलेले. डाव्या हाताची दोन बोटं तिकडेच राहिली होती. त्याबद्दल कोणी विचारलं तर ते हवापाण्याचं बोलायला लागत. बायको गेलेली, मूलबाळ नाही. रोज सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शहाद्याच्या एसटी स्टँडपर्यंत चालत जायचे, पेपर घेऊन परत यायचे. पाठ अशी, की त्यांना पाहून गल्लीतली माणसं खुर्चीत नीट बसायची.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात आणि गेलेल्या माणसाच्या नावाने घराबाहेरच्या एखाद्या माणसाला, शक्यतो वडीलधाऱ्याला, पितर म्हणून जेवायला बसवतात. एकदा एका घरी बसलेला माणूस सहसा दरवर्षी तिथेच बसतो. समोरचीचे सासरे माझ्या सासऱ्यांच्या वर्षभर आधी गेले. तिने लगेच आबांना पितर म्हणून सांगून टाकलं. खरं तर रोज संध्याकाळी आबा बसायचे ते आमच्या ओट्यावर, माझ्या सासऱ्यांबरोबर, मी केलेला चहा पीत. पण सासरे गेल्यावर मी विचारायला गेले तेव्हा उशीर झाला होता.

"आबा, औंदा आमनाकडे बसा ना."

"नही वं बेटी. मन्हं पान तठे शे."

विषय संपला. मी नवऱ्याच्या चुलतभावाला बसवलं. तो एका हाताने रस ओरपतो, दुसऱ्या हातात मोबाईल. समोर उघड्या दारातून आबा दिसायचे. बूट उंबऱ्याबाहेर जोडीने ठेवलेले, टोपी नीट, मान ताठ, पानात काही टाकलेलं नाही. आणि पुरणाचे मांडे कसले? तिचे मांडे खापरावरून निघतात तेच जाड. माझ्या मांड्यातून पलीकडचं दिसतं. हे मी म्हणत नाही, सगळी गल्ली म्हणते.

संध्याकाळी ती ओट्यावर यायची. "काय वं, तुन्हा पितर मोबाईल देखी ऱ्हायना व्हता ना?"

"व्हता. तुन्हा पितरना दात दुखनात का मांडा चावीसन?" मी म्हणायचे. ती हसायची. तिला हसायला काय जातंय?

दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलीचं बाळंतपण सुरतेला निघालं, नेमकं आखाजीच्या तोंडावर. नवरा-बायको दोघं गेले, घराला कुलूप. मी त्याच संध्याकाळी आबांकडे गेले. त्यांनी हातातल्या पेपरची नीट घडी घातली. मग म्हणाले, "येसु. पण जेवसु तिन्हा सासराना नावनं. जबान दियेल शे."

म्हणजे पुरण माझं, रस माझा, खापर माझं आणि जेवणार समोरचीचा सासरा! मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर ते घरी वरणभात लावून बसले असते. चुलत दीर माझ्या सासऱ्यांच्या पानावर बसला, शेजारच्या पानावर आबा. ते तीन मांडे जेवले, उठून हात जोडले, "पोट भरनं" म्हणाले. ते पोट कुणाचं भरलं ते मला चांगलं कळलं. समोरचीने परत आल्यावर आधी हे ऐकून घेतलं आणि मग नातवाचे फोटो दाखवले.

आबा या हिवाळ्यात गेले. पुतण्याने दिवस केले आणि खोलीला कुलूप लावून तो गावी गेला. आखाजीच्या बाजारात मी दोन घागरी घेतल्या. एक सासऱ्यांची, एक आबांची. घरी आले तर समोरचीच्या ओट्यावरही दोन घागरी धुऊन पालथ्या घातलेल्या. ती सरळ आमच्याकडे आली.

"तुन्हा मालकले धाडशी का? आबाना पितर बसाडना शे."

मला म्हणायचं होतं, तू तुझा नवरा माझ्याकडे पाठव. पण आबांचं पान तिच्या घरचं, हे आबांनीच माझ्या घरात बसून ठरवून टाकलं होतं. माझी दुसरी घागर मी पिण्याच्या पाण्याला लावली. नवऱ्याला धुतलेला पांढरा शर्ट दिला आणि सांगितलं, "पाठ ताठ ठेवा. मोबाईल घरी."

मी दारातून पाहत होते. त्याने बूट उंबऱ्याबाहेर जोडीने ठेवले. पाठ मात्र दुसऱ्या मांड्यापर्यंतच टिकली.

परत आल्यावर म्हणाला, "मांडे मऊ होते हां या वेळी."

मी विचारलं नव्हतं.