निळी पट्टी हिराबाईंवरच

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी उठून जाणारा माणूस. त्यात व्यवसाय सॉफ्टवेअरचा. स्क्रीनवर काही विचित्र दिसलं तर चूक कोडमध्ये असते, बस्स. तरीही गेल्या मार्चमधली ही गोष्ट सांगावीशी वाटते...

सांगलीत विश्रामबागला माझं छोटं ऑफिस आहे. एका संस्थेसाठी मी वेब ॲप केलं होतं. खेड्यात एकट्या राहणाऱ्या वृद्धांना ही संस्था रोज सकाळी फोन करून विचारपूस करते. त्या सगळ्यांची यादी ॲपमध्ये असते. ज्या नावावर क्लिक कराल ती ओळ निळी होते आणि पान रिफ्रेश केलं तरी तीच निळी राहते. आपण कोणाच्या नोंदीवर होतो ते हरवू नये, म्हणून ही सोय.

त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास कराडहून सुनंदाताईंचा फोन आला. विचारपुशीचे फोन त्याच करतात.

"सर, कुणावरबी क्लिक केलं तरी रिफ्रेश झाल्यावर पट्टी हिराबाईंवरच जातीय."

हिराबाई सातारा जिल्ह्यातल्या औंधजवळच्या एका वाडीतल्या. सत्तरी ओलांडलेली, मुलगा मिलिटरीत, सोबतीला चार शेळ्या. नऊ वाजताच ताई त्यांच्याशी बोलल्या होत्या. नोंदही होती – तब्येत ठीक.

मी माझ्या कॉम्प्युटरवर यादी उघडली. दुसरं नाव निवडलं, रिफ्रेश केलं... हिराबाई. ब्राउझरमध्ये साठलेलं सगळं पुसलं. पुन्हा हिराबाई! आणि ॲपनं लक्षात ठेवलेला नोंदीचा नंबर तपासला तर तो अगदी बरोबर – मी निवडलेल्या माणसाचाच. निळी ओळ मात्र भलतीच.

"ताई, तासाभरात दुरुस्त करून देतो."

"ते नंतर करा. मी आधी त्यांना परत फोन लावते."

"अहो, नऊला बोललात ना?"

"व्हय. पण मला बरं वाटंना."

माझा फोन तसाच चालू ठेवून त्यांनी ऑफिसच्या फोनवरून हिराबाईंना लावला. तीन वेळा. कोणी उचलेना. मग शेजारच्या तानाजीला लावला, स्पीकरवर.

"आवं ताई, मगाशी तर म्हातारी वैरण घालत हुती. थांबा, बघतो."

त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. मग तो ओरडला, "ताई, कडब्याच्या गंजीपाशी पडलीया! पायाला जनावर चावलंय!"

तिकडं सापाला जनावरच म्हणतात.

तानाजीनं वाडीतली जीप काढून त्यांना साताऱ्याला नेलं. "अजून उशीर झाला असता तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले. जीप निघाल्याचं कळल्यावर मी सहज दुसरं नाव निवडून रिफ्रेश केलं. पट्टी मी निवडलेल्या नावावरच राहिली. कोडमधली एक ओळही मी बदलली नव्हती.

नंतर तो कोड मी कितीदा वाचला, दोन मित्रांनाही दाखवला. काही सापडलं नाही.

हिराबाई घरी आल्यावर एका रविवारी मी त्यांना भेटायला गेलो. त्यांनी चहा केला. मग विचारलं, "तुमास्नी तिकडं सांगलीत बसून कसं वो कळलं?"

"कॉम्प्युटरनं दाखवलं," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"मग त्याला सांगा, म्हातारी हिंडतीया-फिरतीया म्हणावं. उगं घोर लावून बसलं आसंल."

मी हो म्हणालो. पण नेमकं कोणाला सांगायचं... ते मला आजही कळलेलं नाही.