पासलीच्या नकाशावरचा बेचाळिसावा ठिपका

हे इथे लिहू की नको, यात माझे तीन महिने गेले. या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, पण वाचताना मनात एकच असायचं... नीट शोधलं असतं तर कारण सापडलं असतं. माझं कामच ते आहे. काय बिघडलंय ते शोधायचं, कारण सापडलं की दुरुस्त करायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. देवाला नमस्कार करते, बाकी कशावर कधी विश्वास ठेवला नाही. आणि आता गेले तीन महिने मी एका अशा बिघाडामागे लागले आहे, जो मुळात बिघाड होता की काय, हेच मला माहीत नाही.

मी भोरला राहते आणि घरून वेबसाइटवरचे नकाशे बनवते. गेल्या वर्षी एका संस्थेचं काम घेतलं. त्यांना वेल्हे तालुक्यातल्या झऱ्यांचा नकाशा हवा होता. कुठे झरा आहे, किती महिने पाणी असतं, वाटेतली खूण कोणती आणि ही माहिती कुणी दिली, एवढं प्रत्येक ठिपक्यावर क्लिक केलं की दिसायला हवं. झऱ्यांची पाहणी दोन वर्षांपूर्वीच झाली होती. ती सगळी माहिती एका कार्यालयाच्या सर्व्हरवर होती, आणि त्यांची अट अशी की प्रत काढायची नाही, स्वतःकडे साठवायची नाही, नकाशावर थेट तिथूनच दाखवायची.

इथूनच माझा छळ सुरू झाला.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका साइटवरचं पान दुसऱ्या साइटवरून माहिती मागायला गेलं, तर ब्राउझर ती वाचू देत नाही. त्या दुसऱ्या साइटने ‘या पानाला द्यायला हरकत नाही’ असं उत्तरासोबत कळवावं लागतं. नाही कळवलं, तर माहिती दारापर्यंत येऊनही आत येत नाही आणि लाल अक्षरांत एरर येतो. आम्ही त्याला कॉर्सचा एरर म्हणतो. ही परवानगी फक्त त्या सर्व्हरवाल्यालाच देता येते, आणि तिथे एक ओळ लिहायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

त्या पाच मिनिटांसाठी मी पाच आठवडे ईमेल लिहीत होते.

डोंगर, नद्या, रस्ते यांची चित्रं दुसऱ्याच एका साइटवरून यायची आणि नकाशावर छान दिसायची, कारण चित्रांना ही अडवणूक लागू नसते. ठिपके मात्र यायचे नाहीत. माझ्या लॅपटॉपवर ब्राउझरची सुरक्षा बंद करून पाहिलं की सगळे दिसायचे, एकेचाळीस. इतक्यांदा पाहिले की कुठला कुठे आहे ते पाठ झालं होतं. पण सुरक्षा बंद करून लोकांना नकाशा वापरा म्हणून सांगता येत नाही. कार्यालयात फोन केला की ‘मॅडम, आमच्याकडे तर उघडतंय’ हे उत्तर. अहो, तुमच्याकडे उघडणारच, सर्व्हर तुमचा आहे...

घाई एवढ्यासाठी होती की पासलीला बैठक ठरली होती. पासलीच्या वरच्या अंगाला धनगरवाडा आहे, सात घरांचा. तिथल्या बायका खालच्या झऱ्यावरून पाणी वाहतात, आणि तो झरा होळी झाली की आटायला लागतो. वाड्यासाठी पाण्याची टाकी मंजूर होणार होती. पाणी कुठून घ्यायचं ते ठरवायला इंजिनिअर साहेब एकदाच येणार, आणि ते नकाशा बघून ठरवणार. संस्थेचे शिंदेसर आग्रहाने म्हणाले, “नकाशा ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवरच उघडायचा. तुमच्या लॅपटॉपवर दिसतो आणि लोकांना दिसत नाही, असं नको.” बरोबरच होतं त्यांचं. आदल्या दिवशी कार्यालयातून मेल आला, ‘उद्या सकाळपर्यंत परवानगी घालतो.’ मी हुश्श केलं.

गुरुवारचा दिवस होता. भोरहून सकाळच्या एसटीने नसरापूरला उतरले, तिथून शिंदेसरांच्या गाडीने वेल्ह्यामार्गे पासली. साडेअकराला ग्रामपंचायतीच्या खोलीत तीस-पस्तीस माणसं बसली होती. भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड. त्या कॉम्प्युटरला माझा हात पहिल्यांदाच लागत होता. कॉम्प्युटर मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडला, नकाशा उघडला. डोंगर आले, नदी आली, रस्ते आले.

ठिपके नाहीत.

खाली एररची खिडकी उघडली. तीच लाल ओळ. पुन्हा उघडलं, पुन्हा लाल ओळ. कार्यालयात फोन लावला तर उचलेनात. मागे कुणीतरी दुसऱ्याला हळूच म्हणालं, “ह्येंचं बी आपल्यावानीच हाय. रेंज न्हाई.”

इंजिनिअर साहेब वाईट माणूस नव्हते. घड्याळ पाहून म्हणाले, “ताई, राहू द्या. खालच्या झऱ्याचं मला माहीत आहे. तिथूनच घेऊ.”

“साहेब, तो उन्हाळ्यात आटतो. नकाशात ती नोंद आहे,” मी म्हणाले.

“असेल. पण मग दुसरा कुठला आहे वाड्याजवळ?”

एकेचाळीस ठिपक्यांत वाड्याच्या वर एकही नव्हता.

तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. धोंडाबाई. वाड्यावरच्याच. याआधी दोनदा त्यांच्या घरी चहा घेतला होता, म्हणून ओळख होती. त्या म्हणाल्या, “वर हाय की पानी. आमचं मालक म्हशी पाजायचं तितं. मग एका पावसाळ्यात कडा ढासळला नि बुजलं.”

“कुठं ते दाखवाल का?” साहेबांनी विचारलं.

“जागा म्या न्हाई पायली. गुरांमागं मालक जायचं, म्या घरला. त्ये गेलं त्याला आठ वरसं झाली.”

सरपंच जरा वैतागून म्हणाले, “आजी, हे तुमी दर सभेला सांगता. आमी दोनदा माणसं घिऊन हिंडलो वर. कुठं खणायचं? आख्खा डोंगर खणायचा का?”

धोंडाबाई खाली बसल्या. मला रडू येईल असं वाटत होतं. त्यांच्यासाठी की माझ्या त्या लाल ओळीसाठी, खरंच सांगता येणार नाही. शिंदेसर कार्यालयाला दाखवायला म्हणून भिंतीवरच्या एररचा फोटो काढायला मोबाईल काढत होते. मी खुर्चीत मागे टेकले. माउसला हात नव्हता.

आणि नकाशावर एक ठिपका आला.

एकच. बाकीचे एकेचाळीस नाहीत. वाड्याच्या वर, डोंगराच्या पोटात, जिथे माझ्या माहितीप्रमाणे काहीच नव्हतं. खाली एररची खिडकी तशीच उघडी, लाल ओळ तशीच.

मला वाटलं, चला, उशिरा का होईना परवानगी घातली, आता बाकीचे येतील. दहा सेकंद वाट पाहिली. आले नाहीत. मग मी त्या ठिपक्यावर क्लिक केलं. माहितीची चौकट उघडली आणि मी नेहमीच्या सवयीने मोठ्याने वाचत गेले.

“झऱ्याचं नाव... रिकामं आहे. पाणी, बारमाही. खूण, करवंदीच्या जाळीखाली आडवा काळा दगड, दगडाच्या डाव्या अंगाला. माहिती देणारा, कोंडिबा...”

पुढे आडनावासकट पूर्ण नाव होतं, ते इथे देत नाही.

सरपंचांनी विचारलं, “ताई, हे नाव तुमी कुठनं आणलं?”

“मी नाही आणलं. पाहणीत असेल.”

“पाहणी दोन वर्सांमागची. ह्यो माणूस आठ वर्सांमागं गेला.”

मी धोंडाबाईंकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मी वाचलेलं त्यांनी ऐकलं होतं. पदर तोंडाशी धरून त्या नुसत्या भिंतीकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडून नवऱ्याचं नाव मी कधीच ऐकलं नव्हतं, त्या कायम ‘मालक’ म्हणायच्या. त्या मालकांचं नाव कोंडिबा होतं, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

“सर, फोटो आला ना?” मी शिंदेसरांना विचारलं. उघड्या चौकटीसकट आला होता.

मग मी एक मूर्खपणा केला. बाकीचे ठिपके यावेत म्हणून पान रिफ्रेश केलं. रोज शंभर वेळा करते तसंच, विचार न करता. आजही त्या बोटाचा राग येतो. पान पुन्हा आलं... डोंगर, नदी, रस्ते, लाल ओळ. ठिपका गेला. पुढचा तासभर मी काय काय केलं ते सांगत बसत नाही. तो परत आला नाही.

फोटोत मात्र सगळं स्पष्ट होतं. चौकटीच्या तळाशी अक्षांश-रेखांशही होते. साहेब फोटो पाहून म्हणाले, “नाव कुणाचं का असेना. जागा खणून बघायला काय हरकत आहे? मी शनिवारपर्यंत कागद पाठवत नाही.”

शुक्रवारी सकाळी वाड्यावरचे आणि पासलीचे मिळून आठ जण कुदळ-फावडी घेऊन वर गेले. मोबाईलवर जागा धरून मी पुढे. करवंदीची जाळी होती, दाट. ती तोडल्यावर काळा दगड दिसला, आडवा. मी सगळ्यांना सांगत होते की डोंगरात असे दगड खूप असतात. डाव्या अंगाला खणायला लागले. गुडघाभर खोल गेलं तरी कोरडं. कमरेइतकं खणल्यावर माती ओली लागली. मग खणणारा एक जण थांबला, हाताने चिखल बाजूला केला, आणि दगडाखालून करंगळीएवढी धार निघाली. आधी गढूळ, मग स्वच्छ.

एका म्हाताऱ्याने पायातल्या वहाणा काढल्या आणि धारेला हात लावून नमस्कार केला.

इथपर्यंत ऐकल्यावर लोक म्हणतात, किती छान. मलाही छान वाटायला हवं होतं. पण माझी शोधाशोध इथून पुढे सुरू झाली, आणि तिने मला अक्षरशः पिळून काढलं.

पहिली शंका, जुनी माहिती ब्राउझरमध्ये साठलेली असेल. पण त्या कॉम्प्युटरवर हा नकाशा त्याआधी कधी उघडलाच नव्हता. दुसरी, माझ्याच कोडमध्ये चाचणीसाठी घातलेला एखादा ठिपका असेल. सगळं कोड धुंडाळलं, ते नाव कुठेही नाही. तिसरी, गावातल्या कुणीतरी सर्व्हरवर नोंद घातली असेल. पण त्याचा पासवर्ड माझ्याकडेसुद्धा नव्हता, आणि जागा माहीत असती तर माणूस सरळ बोट दाखवून सांगेल, सर्व्हर कशाला फोडेल?

पुढच्या सोमवारी परवानगीची ती ओळ एकदाची घातली गेली. नकाशा उघडला. सगळे ठिपके आले. मोजले. एकेचाळीस. वाड्याच्या वर काही नाही. मूळ माहिती ओळ न् ओळ वाचली, पुसून टाकलेल्या नोंदींची यादी मागवून घेतली. कोंडिबा हे नाव कुठेच नाही.

शेवटी कार्यालयातल्या सर्व्हर बघणाऱ्या माणसाला मी स्वतः जाऊन भेटले. पंचविशीतला शांत मुलगा. त्याला फोटो दाखवला आणि म्हणाले, “गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला तुमच्या सर्व्हरने नक्की काय पाठवलं, तेवढं फक्त सांगा.”

त्याने नोंदी उघडल्या, मग माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, गुरुवारी काहीच पाठवलं नाही. तुमची परवानगी घालायला घेतली आणि डिस्कच गेली. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत सर्व्हर बंद होता. तुम्ही फोन करत होतात ना, तेव्हा आम्ही खाली मशीनपाशी होतो.”

म्हणजे त्या दिवशी मला दिसत होता तो परवानगीचा एरर खरा नव्हताच. सर्व्हर बंद असला आणि त्याच्यापुढे बसवलेल्या मधल्या यंत्रणेने कोरा नकार पाठवला, तरी ब्राउझर तीच लाल ओळ दाखवतो. हे मला माहीत असायला हवं होतं. पण मग ठिपका आला कुठून? अडवायलासुद्धा तिथे काही नव्हतं. फोटो त्यानेही तीन-चारदा मोठा करून पाहिला आणि परत दिला. “मला नाही सांगता येणार,” म्हणाला.

गेल्या महिन्यात वाड्यावर गेले होते. दगडापासून पाइप टाकलाय, टाकीचं काम चालू आहे. ऐन उन्हाळा असूनही धार तेवढीच. धोंडाबाईंच्या अंगणात बसले, तर मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, “ते त्यांचं नाव अजून दिसतं का गं त्यात?”

“नाही हो. खूप शोधलं. नाही सापडत.”

“मंग ऱ्हाऊ दे. सांगायचं हुतं त्ये सांगितलं त्यांनी. तू कशापायी जिवाला लावून घेतीस?”

मी मान हलवली आणि चहा घेतला.

तो झरा आता नकाशावर रीतसर नोंदवलाय. फोटो माझ्याकडे आहे. आठवड्यातून एकदा तरी तो उघडते आणि मोठा करून बघते... वर ठिपका, खाली लाल ओळ. इथल्या कुणाला यातलं काही कळत असेल तर जरूर सांगा. ‘काही गोष्टी समजून घ्यायच्या नसतात’ एवढं मात्र सांगू नका. ते मला जमत नाहीये.