फुलपाखरू काढा म्हणाल्या

मुलगी पाच महिन्यांची होती तेव्हा मला वाटू लागलं, की मी तिला खिडकीतून खाली टाकणार. ती पडेल असं नव्हे, मीच टाकेन. आम्ही करी रोडला सतराव्या मजल्यावर राहतो, सासूबाईंची जुनी चाळ पाडून त्या जागी उभ्या केलेल्या इमारतीत. खिडकीच्या ग्रिलमधून मांजरसुद्धा जाणार नाही. पण हे मनाला सांगून उपयोग नव्हता. मी तिला घेऊन हॉलमध्ये जाणंच बंद केलं. पॅसेजमधून जायची वेळ आली तर भिंतीला चिकटून चालायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "तिला वारा सोसत नाही." त्या गुटगुटीत पोरीवर मी खुशाल खोटा आळ घेत होते.

घरच्यांना एवढंच दिसत होतं, की मला झोप नाही आणि मी चिडचिडते. त्यावर सल्ले सुरू झाले. 'हे दिवस परत येत नाहीत, एन्जॉय कर,' असं सांगणाऱ्या प्रत्येक बाईला तेच दिवस परत द्यावेत आणि दाराला बाहेरून कडी लावावी, असं मला फार वाटायचं.

माझी नणंद दादरला राहते. तिला जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एक क्लास ठाऊक असतो. मला न विचारता तिने शिवाजी पार्कजवळच्या एका वर्गात माझं नाव घातलं. नव्या आयांनी चित्रं काढायची, डायरी लिहायची आणि मन हलकं करायचं. एका प्रशस्त फ्लॅटमध्ये आम्ही आठजणी गाद्यांवर बसलो. कसल्यातरी तेलाचा वास सोडलेला होता. शिकवणाऱ्या बाई हातमागाच्या साडीत होत्या. त्यांचा आवाज इतका मऊ, की त्यांना कधी कोणाच्या रडण्याच्या वर आवाज चढवून बोलावं लागलं असेल असं वाटत नव्हतं. त्यांचा एकुलता एक मुलगा परदेशात होता. तिथून तो काही रात्री दुधासाठी रडत नसणार.

"आपलं आईपण एका चित्रात काढू या," त्या म्हणाल्या.

मी ग्रिल काढलं. काळ्या खडूने, गजामागून गज.

बाई माझ्यामागे येऊन थांबल्या. "इतका काळा का बरं? थोडा पिवळा घेऊ या?"

"आणि भीती वाटत असेल तर?" मी विचारलं.

"तर ती शब्दांत लिहा. आणि मग तिच्यावर एक छानसं फुलपाखरू काढा."

मी काढलं. याची लाज मला अजून वाटते. तिशी ओलांडलेली, नोकरी केलेली, दुकानदाराशी तावातावाने भांडणारी बाई मी, आणि मुकाट्याने पिवळं फुलपाखरू काढून बसले. संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला, खाली हृदयांची रांग. नणंदही त्या ग्रुपवर होती; तिने लिहिलं, 'प्राउड ऑफ यू.'

दुसऱ्या दिवशी लालबागच्या स्टेशनरीच्या दुकानातून मी शाळेतल्या पोरांची दोनशे पानी वही आणली. खरं सांगायचं तर त्या बाईंना खोटं पाडायला. पहिल्या पानावर लिहिलं, 'मला वाटतं मी हिला खाली टाकेन.' त्यावर काहीही काढलं नाही. मग रोज दुपारी ती निजली की मी बॉलपेनने ग्रिल काढायचे. कधी खालचा रस्ता, कधी माझे हात. हात भयंकर दिसायचे, केळ्यांच्या फण्यांसारखे. पंधराएक दिवसांनी असं झालं, की गजावरचा गंज चित्रात नीट उतरला नाही म्हणून मी वैतागले, आणि तेवढा वेळ बाकी काही आठवलंच नाही. बरी झाले नव्हते. पण दिवसातली वीस मिनिटं माझी झाली होती.

एके दुपारी अंघोळ करून आले तर सासूबाई चष्मा लावून पलंगावर बसलेल्या, हातात माझी वही.

आता ही बाई पोर माझ्यापासून काढून घेणार, गावभर सांगणार, असंच वाटलं. त्यांच्याबद्दल माझं मत तेव्हा काही फार थोर नव्हतं.

"ह्या तूच लिवलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी चष्मा काढला. "माका पण असोच इचार येय," त्या म्हणाल्या. "तुझो घोव चार म्हयन्यांचो होतो. तिसऱ्या माळ्यार गॅलरी. मी जावेक सांगलंय, तिना सगळ्या चाळीत सांगल्यान. चाळीस दिवस पोराक माझ्या हातात देवक नाय कोणी."

"मग?"

"मग काय. मी गप रवलंय. आजपर्यंत."

त्या उठल्या, पाळण्यातून पोरीला उचललं, मला हॉलमध्ये बसवलं आणि तिला माझ्या मांडीवर ठेवलं. खिडकी उघडीच होती. "मी भाकरी थापतंय. तू हिका घेवन बस," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. एकदाही वळून पाहिलं नाही. मी घामाने भिजले, पण बसले. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला परळच्या सरकारी इस्पितळात नेलं. डॉक्टर माझ्याहून लहान होती. तिने माझं वाक्य ऐकलं आणि चेहरा तसाच ठेवला. "असे विचार पुष्कळ आयांना येतात. बहुतेकजणी सांगत नाहीत. विचार आला म्हणजे तुम्ही ते करणार असं नाही. तुम्हाला त्याची इतकी भीती वाटते, म्हणूनच तर आलात." तिने गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलावलं. वही चाळली, छान म्हणाली नाही, नुसतं विचारलं, "काढताना बरं वाटतं का?" "थोडं." "मग काढत राहा, पण गोळ्या चुकवू नका." माझ्या चित्रकलेचं याहून चांगलं परीक्षण कोणी केलेलं नाही.

वर्षभर गोळ्या चालल्या. पोर आता तीन वर्षांची आहे आणि सोफ्यावरून उड्या मारते. नणंद सगळ्यांना सांगते की मला जर्नलिंगने बरं केलं. मी एकदा म्हटलं, "मला गोळ्यांनी आणि तुझ्या आईने बरं केलं." ती हसली, मी विनोद केला असं समजून.

विचार अजूनही कधीतरी येतो. परवा दादरच्या पुलावर, पोर कडेवर, खाली फुलबाजार. एका कठड्याशी थांबले, पिशवीतून वही काढली, 'आला' एवढंच लिहिलं आणि अष्टरची फुलं आणायला खाली उतरले.