लंडन खवळलंय

आमच्या आप्पांना माणसांची नावं कधीच लक्षात राहिली नाहीत. गावं मात्र पक्की राहिली. शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं आणि तिथं येणाऱ्या प्रत्येकाला ते गावाच्या नावानंच हाक मारायचे. "ओ कुरुंदवाड, तुमची मोटार झाली, घिऊन जावा." "आजरा, उभं का? बसा की, च्या घ्या." समोरचा माणूसही बिनतक्रार ओ द्यायचा. एकदा एकाच गावचे दोघं एकदम आले, तेव्हा आप्पांनी दुसऱ्याला नदीपलीकडचं गाव देऊन टाकलं. तो बिचारा पुढं कायम त्याच गावचा राहिला.

आता दुकान बंद झालंय आणि वडील कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटवर असतात. मी घरीच बाहेरच्या खोलीत अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते, म्हणून घरात इंग्रजी पेपर येतो. मराठी पेपर संपला की आप्पा तोही घेतात आणि मथळ्याखाली बोट फिरवत मोठ्यानं वाचतात. खालची बातमी वाचायची नाही. "म्हत्त्वाचं असतंय तेच मोठ्या अक्षरात असतंय," हे त्यांचं मत. मी वीस-पंचवीस मुलांना गप्प करू शकते, पण ह्या एका माणसापुढं माझं काही चालत नाही.

गेल्या वर्षी माझी मुलगी लंडनला शिकायला निघाली. तिकीट पुढच्या आठवड्याचं, बॅग अर्धी भरलेली. आप्पांनी आधीच हो म्हटलं होतं, आणि तिला तेवढंच हवं होतं. "आजोबा तोंड पाडून बसणार असतील तर मी जात न्हाई," असं तिनं मला बजावलं होतं. ती हे खरं करून दाखवणाऱ्यातली आहे. हट्ट आप्पांकडून थेट तिच्याकडं गेला, मधे माझ्याकडं थांबलाच नाही.

अशात एका सकाळी आप्पांचं बोट पहिल्या पानावर अडकलं. कसल्याशा करारावरून दोन सरकारांचं बिनसलं होतं आणि मथळा होता, 'लंडन फ्युरियस विथ दिल्ली'.

"फ्युरियस म्हंजे?"

"खूप चिडणं," मी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाले. तिथंच चुकलं.

"लंडन खवळलंय," आप्पांनी जाहीर केलं. "पोरगी जायची न्हाय."

मला हसू आलं, पण ते पुरतं बाहेर पडायच्या आत लक्षात आलं की म्हातारा घाबरलाय. त्याला कारण होतं. आमच्याकडं पेपरात 'कोल्हापूर खवळलं' असं छापून येतं तेव्हा ते खरोखरच खवळलेलं असतं. दुकानं बंद, रिक्षा बंद, चौकात मुंगीला शिरायला जागा नाही. आप्पांनी स्वतः कितीदा शटर ओढलेलं. त्यांच्या डोळ्यापुढं आता अख्खं लंडन शटर ओढून चौकात उभं होतं आणि त्या गर्दीतून आमची पोर बॅग ओढत चालली होती.

मी घड्या बाजूला ठेवल्या आणि वर्गात शिकवते तसं सांगायला लागले. "आप्पा, इंग्रजीत राजधानीचं नाव घेतलं की तिथली माणसं धरायची नसतात, सरकार धरायचं असतं. तेही सगळं नाही. एखाद्या कोटवाल्या साहेबानं कागदावर चार कडक ओळी लिहिल्या की झालं लंडन फ्युरियस."

"आनी बाकीचं लंडन?"

"ते चहा पीत बसलेलं असतं."

"आनी दिल्ली म्हंजे?"

"दिल्ली म्हणजे तसं बघितलं तर आपण सगळे."

"मला कोन इचारलं?" आप्पा म्हणाले. "गाव खवळलं म्हंजे गाव खवळतंय. मी सोता गेलतो की चौकात."

"तुम्ही नाही का, एका माणसाला अख्खं कुरुंदवाड म्हणायचा?"

"त्यो म्होरं उभा असायचा. त्येच्या तोंडाकडं बघून म्हनायचो. तुज्या लंडनचं तोंड कुनी बघिटलंय?"

मी परत कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. दुपारी मुलीनं बॅग उचलून पुन्हा कपाटावर टाकली. मी तिच्यावर ओरडले, पण आत कुठंतरी बरंही वाटलं. एकुलती एक पोर लांब जाऊ नये असं कुठल्या आईला वाटत नाही?

दोन-तीन दिवस बॅग कपाटावरच राहिली. मग त्याच पेपरात आतल्या पानावर आमचं गाव आलं, 'कोल्हापूर वेलकम्स वन-वे'. आमच्या गल्लीचा रस्ता नुकताच एकदिशा केला होता. रिक्षा अख्खा वळसा घेऊन यायची, आणि आप्पा रोज जिना चढताना त्या वन-वेचा उद्धार करायचे.

"वेलकम? कोन केलं वेलकम?"

चपला घालून ते खाली उतरले. रिक्षा स्टॉपवर विचारलं, दवाखान्याबाहेर ताटकळणाऱ्यांना विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं. रस्त्यानं जाणाऱ्या एका अनोळखी माणसालाही "ओ पावणं, तुमी वेलकम केलासा काय?" म्हणून अडवलं. मी गॅलरीतून बघत होते आणि लाजेनं अर्धी झाले होते.

घामाघूम होऊन ते वर आले आणि पेपर मांडीवर घेऊन बसले.

"एक बी माणूस न्हाय," ते म्हणाले. "म्हंजे लंडन बी असंच?"

"असंच."

"तितल्या माणसांस्नी ठाव बी नसंल, आपुन खवळलोय म्हणून."

"नसेलच, आप्पा."

"मग पोरीला सांग, बॅग खाली काढ."

निघताना त्यांनी तिच्या हातात आजऱ्याच्या काजूची पिशवी दिली. "दिल्लीची काय म्हणून कुनी इचारलं, तर कोल्हापूरची म्हनून सांग. दिल्लीचं आपल्याला काय म्हाईत न्हाय."

"व्हय आजोबा. येतो मी," ती म्हणाली. आमच्याकडच्या पोरी 'येतो'च म्हणतात. गाडी वळसा घेऊन वन-वेनं गेली, आणि मी भाजी टाकायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले.

नंतर घर फार मोठं वाटायला लागलं. आप्पा मथळे वाचायचे, पण लंडनचा मथळा आला की पान उलटायचे. नातीचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं, ती कायम 'पोरगी'. आता घरात हाक मारायलाही ती नव्हती.

एका संध्याकाळी वर्ग चालू होता. माझा फोन आत राहिला होता आणि वाजून वाजून बंद पडत होता. शेवटी आप्पांनीच तो उचलला असावा. मी फळ्यावर वाक्य लिहीत होते, तेवढ्यात आतून त्यांचा आवाज आला, दुकानात मोटारींच्या आवाजावर चढवायचे तसा.

"आगं, शिकवायचं ऱ्हाऊ दे, आत ये. लंडन खवळलंय. दुपारपासनं फोन का उचलला न्हाईस म्हनतंय."