पत्राला उत्तर म्हणून सूप

देओलिंदा फुर्तादोनं आयुष्यात पहिल्यांदा एक पत्र घ्यायचं नाकारलं ते अडुसष्टाव्या वर्षी. पत्र तिच्याच घरात तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या नॉएला बर्नियरनं पाठवलेलं होतं. दोन जिने उतरून हातात देता आलं असतं, पण ते पोस्टाला वळसा घालून, सहीची पावती चिकटवून आलं.

"इथं सही करा," पोस्टमन म्हणाला. "पाठवणाऱ्याचा पत्ता तर तुमच्याच घराचा दिसतोय, बाई."

"मग चुकून आलं असेल," म्हणून तिनं दार लावून घेतलं.

हे शहाणपण नणंदेचं. इदालिना शेजारच्याच घरात राहायची, तिचेही भाडेकरू होते. "सही केलीस की अडकलीस," ती कुंपणावरून सांगायची. "ज्या कागदाला हात लावला नाही, तो मिळालाच नाही!" अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावच्या त्या गल्लीत घरमालकिणींचं कायद्याचं सगळं ज्ञान असं कुंपणावरूनच येतं, आणि बहुतेक वेळा चुकीचं असतं. पोस्टमननं मागे ठेवलेली चिठ्ठी देओलिंदानं सांतो क्रिस्तोच्या, म्हणजे येशूच्या, तसबिरीमागे सरकवली. आता देवानं बघून घ्यावं.

पत्रात काय असणार हे तिला न वाचताही ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्याच्या मागच्या गॅलरीचा कठडा हलत होता. नॉएलानं ते एप्रिलमध्ये सांगितलं, जूनमध्ये सांगितलं, पवित्र आत्म्याच्या सणाच्या दिवशी तर जिन्यातच गाठून सांगितलं. दर वेळी देओलिंदा "हो गं, बघते" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी हिरव्या पाल्याचं, सॉसेज घातलेलं सूप पातेलंभर वर पाठवलं. सूप चांगलं असायचं, त्यात वाद नाही. पण सुपानं कठडा घट्ट होत नाही.

उर्बानो होता तेव्हा असं नव्हतं. मागच्या जिन्यात कुणी तक्रार केली की कॉफी निवायच्या आत नवरा हत्यारांची पेटी घेऊन वर पोचलेला असायचा. तो जाऊन दोन वर्षं झाली. देओलिंदाच्या गुडघ्यांना अडतीस पायऱ्या आता झेपत नव्हत्या, पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण ती इदालिनालाही सांगायची नाही. तो कठडा उर्बानोनं बसवलेला होता, जायच्या आधी महिनाभर. त्याच्या हातचं ते शेवटचं काम. कुणीतरी उपरा सुतार येणार, कठडा हलवून बघणार आणि म्हणणार, "हे कुणी केलंय हो, आंधळ्यानं?" हे ऐकायची तिची तयारी नव्हती. म्हणून ती तीन महिने सूप शिजवत बसली होती.

पत्र परत गेलं. आणि एका रविवारी, प्रार्थनेहून आली तर दाराखालून आत सरकवलेली त्याची नक्कल पायाशी पडलेली. नाव, तारीख, मागे तीनदा सांगितलं ते दिवस, कठडा सैल आहे ही एकच तक्रार, आणि शेवटी: चौदा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर नगरपालिकेच्या तपासनिसाला बोलवावं लागेल आणि आम्हाला दुसरं घर बघावं लागेल.

दुसरं घर! देओलिंदानं ती ओळ पुन्हा वाचली. मधला मजला गेलं वर्षभर रिकामाच होता. तिसराही गेला तर या तीन मजली लाकडी घरात तिच्या एकटीच्याच पावलांचा आवाज उरणार होता.

किल्ल्यांचा जुडगा घेऊन ती अडतीस पायऱ्या चढली. पूर्वी ती सरळ किल्ली लावून आत शिरायची. आज धापा टाकत थांबली आणि तिनं दार वाजवलं.

स्वयंपाकघरात नॉएलाचा म्हातारा बाप रेमी बंद खिडकीशी बसला होता. कंबरेच्या ऑपरेशननंतर वसंतात तो लेकीकडे राहायला आला होता, आणि गॅलरीत बसून पाइप ओढणं एवढंच सुख त्याला उरलं होतं. गॅलरीच्या दाराला मात्र खुर्ची लावून ठेवलेली.

"अकरा वर्षं एका छपराखाली काढली आपण," देओलिंदा म्हणाली, "आणि मला पोस्टातून पत्र? मी काय बहिरी झाले?"

"तीनदा तोंडी सांगितलं, दोना देओलिंदा. तीनदा सूप आलं."

"वाईट होतं का?"

"सूप झकास होतं," रेमी म्हणाला. "मीठ जरा जास्त."

"बाबा, तुम्ही गप्प बसा हो!"

"अगं, उर्बानोनं बसवलाय तो कठडा," देओलिंदाचा आवाज चढला. "त्याच्या हातचं काम कधी हललंय का?"

नॉएला गॅलरीच्या दाराशी गेली. तिनं खुर्ची बाजूला केली आणि दार उघडलं.

कठड्याचं उजवं टोक कपडे वाळत घालायच्या दोरीनं खांबाला बांधलेलं होतं. देओलिंदानं हात ठेवला तसा तो बाहेर झुकला. थेट खाली सिमेंटचं अंगण होतं. तिनं झटकन हात काढून घेतला. मग वाकून पाहिलं. डाव्या टोकाला चार खिळे, ओळीत, डोकी लाकडात बुडालेली. उजव्या टोकाला खिळा एकही नव्हता. नुसत्या पेन्सिलीच्या फुल्या होत्या, चार, नेटक्या, उर्बानोच्याच हातच्या.

"चार ठोकले आणि इथंच खाली बसले," नॉएला हळू आवाजात म्हणाली. "हातोडा उचलवेना. मी पाणी दिलं. म्हणाले, उरलेलं उद्या करतो, देओलिंदाला सांगू नकोस, ती मला दवाखान्यात ओढून नेईल. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तेव्हा दोरी मीच बांधली. मी एकटी होते तोवर चाललं. आता बाबा आहेत."

"मग तोंडानं का नाही सांगितलंस हे?"

"चौथ्यांदा तोंडानं सांगायचं तर हे सगळंच सांगावं लागलं असतं. पत्रात नुसता कठडा लिहिता येतो."

देओलिंदा त्या फुल्यांकडे बघत राहिली. तिला त्याचा राग आला, खूप राग आला, आणि रडू आलं.

खाली येऊन तिनं कागद घेतला. चार ओळींना तासभर लागला. 'तुमचं पत्र आज मिळालं. कठडा मी स्वतः पाहिला, तक्रार खरी आहे. सुतार गुरुवारी सकाळी नऊला येईल, वेळ सोयीची नसेल तर कळवावं, तोवर गॅलरीचं दार बंद ठेवावं. हे काम माझ्या नवऱ्याकडून अर्धं राहिलं होतं, ते पुरं करायला मी उशीर केला, याबद्दल माफी असावी.' खाली सही, तारीख. मग ती पुन्हा अडतीस पायऱ्या चढली, हातात पातेलं नव्हतं.

गुरुवारी सुतारानं उजवी बाजू मोकळी केली आणि डावीकडे पहार घातली. बराच वेळ खटपट करून घाम पुसत तो उठला.

"हे चार कुणी ठोकलेत हो? निघता निघत नाहीत."

"माझ्या नवऱ्यानं," देओलिंदा म्हणाली. "ते राहू दे. तू बाकीचे ठोक."