साठ फुटांचा सांडवा

वसंता गेल्याची चिठ्ठी शिपायाने तास चालू असताना आणून दिली. मी ती वाचली, खिशात ठेवली आणि फळ्यावरचं अर्धं राहिलेलं उदाहरण पूर्ण केलं. महिना उलटला, तरी ते पूर्ण केल्याची लाज वाटते...

दुष्काळाच्या साली आम्ही दोघे कराडला इंजिनियरिंगच्या मुलांना शिकवत होतो. जत भागातल्या एका तलावाचा आराखडा वसंताकडे आला. आकडेमोडीसाठी भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन तो कधी मुंबईच्या, कधी पुण्याच्या संगणकावर जाई. गणित तेच, पण दोन यंत्रांच्या रीती दोन. एकाला स्वल्पविराम हवाच असे, दुसरं त्याच स्वल्पविरामापायी सगळा गठ्ठा परत करी.

गठ्ठ्यातल्या पहिल्या कार्डावर सूचना होती : पूर दीडपट धरावा. तिच्या आधी फुली. मुंबईच्या यंत्राला फुली म्हणजे हुकूम. पुण्याच्या यंत्राला फुली म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतःसाठी केलेली टीप. शेवटची आकडेमोड पुण्याला झाली, आणि तिथल्या यंत्राने ती सूचना मुकाट्याने वगळली. जादा पाणी काढून देणारा सांडवा चाळीस फूट रुंद निघाला. आकडा पटण्याजोगा होता. वसंताने सही केली.

दोन महिन्यांनी तेच उदाहरण वर्गात हाताने सोडवताना त्याला साठ फूट आले. दुसऱ्या दिवशी आम्ही जतची एस.टी. धरली. वाटेत मी म्हटलं, "यंत्राची चूक आहे, तसं सांग."

"फुलीचा अर्थ काय, हे मी त्याला विचारलं होतं का?" एवढंच तो म्हणाला.

कामावर दीडेकशे माणसं होती. मुकादम कपाळाला हात लावून म्हणाला, "आवं सायेब, चाळीस फूट कातळ फोडून झाला की!"

"अजून वीस फोडावा लागेल. चूक माझी आहे."

पाटी खाली ठेवून एक म्हातारी पुढे आली. "चुकलं कागदावर, आन् हात फुटलं आमचं. व्हय रं?"

वसंता "होय" म्हणाला. तिथून हलला मात्र नाही. चार दिवस राहून नवी आखणी त्याने स्वतः करून दिली. परतल्यावर वरिष्ठांनी 'नकलेतील चूक' असं लिहून द्यायला सुचवलं. त्याने खरं तेच लिहिलं. संगणकाचं काम काढून घेतलं गेलं, पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग पदरात पडलं. तक्रार त्याने केली नाही, पण चाळिशीच्या आतच तो थकलेला दिसू लागला.

पुढे एका पावसाळ्यात सांडवा काठोकाठ वाहिला. बांध टिकला. मुकादमाचं पोस्टकार्ड आलं ते त्याने मला दाखवलं आणि विषय बदलला.

शेवटचा भेटलो तो सांगलीच्या दवाखान्यात. नर्सबाई औषधांची चिठ्ठी घेऊन निघाल्या होत्या. धाप लागलेली असतानाही त्याने त्यांना थांबवलं.

"बाई, चिठ्ठीत काय लिहिलंय ते मला माहीत आहे. तुम्हाला काय कळलं, तेवढं सांगा..."

त्यांनी एकेक औषध मोठ्याने सांगितलं. ते संपेपर्यंत त्याने डोळे मिटले नाहीत.