शंभरचा पत्ता

गोगटे गेल्याचा निरोप सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर आला. खाली पटापट जोडलेले हात उमटले आणि लगेच मॅनेजरचा संदेश, "दस बजे स्टँडअप मीटिंग है, सब टाइम पर." मला त्या माणसाची चीड आली. पण खरं सांगायचं तर गोगट्यांचीही मला कायम चीडच येत असे...

लखनऊच्या आमच्या कंपनीत मराठी माणसं दोनच, ते आणि मी. रक्तपेढ्यांचं जुनं, अवाढव्य सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. एकीकडे हात लावला की दुसरीकडे काहीतरी बंद पडायचं. गोगट्यांना ते तोंडपाठ होतं आणि त्या जोरावर ते बाकीच्यांना मूर्ख समजायचे. माझा कोड चारचौघांत वाचून हसायचे.

मग 'अ‍ॅजाइल'चं खूळ आलं. प्रत्येक काम दोन आठवड्यांच्या तुकड्यांत बसवायचं. प्रत्येकाकडे आकडे छापलेल्या पत्त्यांचा एक कॅट; काम किती मोठं वाटतं, त्या आकड्याचा पत्ता सगळ्यांनी एकदम टाकायचा. गोगटे हटकून सगळ्यात मोठा, शंभरचा टाकायचे आणि कारण सांगत अर्धा तास खायचे. शेवटी मॅनेजर मला म्हणाला, "यार, वो सौ वाला पत्ता ही निकाल दो." मी त्यांच्या कॅटमधून तो काढला. अगदी खुशीत काढला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅट दोनदा चाळला. "शंभर कुठंय रे?"

"हरवला असेल," मी म्हणालो.

त्या दिवशी दोन आठवड्यांचं म्हणून ठरलेलं काम सात महिने चाललं. निम्मा भार गोगट्यांनीच उचलला आणि 'मी सांगितलं नव्हतं का?' हे रोज ऐकवलंही. त्याबद्दल मी त्यांना आजही माफ केलेलं नाही. त्यानंतर त्यांची तब्येत ढासळत गेली. दोन्हींचा संबंध आहे असं मी म्हणत नाही... नाही असंही म्हणवत नाही.

तेराव्यानंतर जानकीपुरमला त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला. म्हणाल्या, "हे सांगायचे, पत्ता मॅनेजरनं लपवला म्हणून. तुम्ही तेव्हा यांच्यासाठी भांडलात ना?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी आतून एक जाड वही आणून दिली. आजारपणात अंथरुणावर बसून लिहिलेली, सगळ्या सॉफ्टवेअरची, मराठीत. ऑफिसात ती माझ्याशिवाय कुणाला समजणार नव्हती. कामासाठी मला ती रोज उघडावी लागते, आणि रोज संताप येतो. जिथं खरी अडचण आहे तिथं नेमकं लिहिलंय, "इथं हात लावू नकोस. आधी मला विचार."